दोन बोटं सैल

मास्तरांच्या हातून माप चुकलं असं कधी कुणी ऐकलं नव्हतं. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत त्याच्या खांद्यांचा उतार, पोटाचा घेर आणि कुठला पाय जरा आखूड आहे, हे सगळं त्यांच्या नजरेत बसलेलं असायचं. टेप ते आपले गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी लावायचे. अशा माणसानं एकदा एक पँट चांगली दोन बोटं सैल शिवली. मुद्दाम शिवली. आणि ती गिऱ्हाइकाची नव्हती, स्वतःची होती. का, ते सांगतो. हसू आलं तर लगेच हसून घ्या, पुढे फारशी सोय नाही.

बाजाराच्या रस्त्याला किल्ल्या करणारा आणि चपलांचं दुकान यांच्यामध्ये मास्तरांचा गाळा. दोन मशिनं, एक कापणीचं टेबल, कोपऱ्यात ट्रायलसाठी पडदा, पडद्यामागे उभा आरसा. मास्तर टेबलाशी आले की हातांच्या आधी पोट टेबलाला लागायचं. कुणी चिडवलं तर ते चिडायचे नाहीत. म्हणायचे, "अहो, ही दुकानाची पाटी आहे. वाळका शिंपी बघून गिऱ्हाइकाला वाटतं, ह्याचंच धड चालत नाही, हा माझं काय शिवणार!" स्वतःच्या पँटी ते भरपूर माया ठेवून शिवायचे. माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जादा कापड. अंग वाढलं की शिवण उसवायची आणि थोडी माया सोडायची. अशी सोडता सोडता त्यांच्या सगळ्या पँटींची माया पार काठापर्यंत येऊन ठेपली होती.

त्यांना एक धाकटी बहीण. घरात सगळे तिला बारकी म्हणत. आईवडील लवकर गेले, तेव्हापासून आपण बारकीला वाढवलं असं मास्तर सांगायचे. बारकीनं मास्तरांना वाढवलं, असं शेजारचे किल्लीवाले सांगायचे. लग्नाआधी ती ह्याच गाळ्यात बसून काजं-बटणं आणि तुरपाई करायची. लग्न झालं, संसार मार्गाला लागला, आणि चाळिशी गाठायच्या आत बारकीच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून तीनदा दवाखान्यात मशिनवर पडायचं. रक्त बाहेर काढायचं, धुवायचं, परत आत घालायचं. पाणीसुद्धा मोजून, कारण प्यायलेलं पाणी बाहेर जायला वाटच नाही. ते अंगात साठतं आणि मग धाप लागते. उकडायला लागलं की ती बर्फाचा एक खडा तोंडात धरून बसायची, आणि तो विरघळेपर्यंत कुणाशी एक शब्द बोलायची नाही.

मग डॉक्टरांनी किडनी बदलायचं काढलं. नवऱ्याची जुळली नाही. मास्तरांची जुळली. त्या दिवशी बारकीच्या घरी सगळी मंडळी जमलेली, आणि मास्तरांनी सगळ्यांदेखत छातीवर हात मारला. "एक काय, दोन्ही घे गं! मी काय मशीन चालवायला किडनी वापरतो?" मंडळी हसली, बारकी रडली, आणि मेहुण्यांनी, म्हणजे बारकीच्या नवऱ्यानं, मास्तरांचे दोन्ही हात धरले ते सोडेचनात. मास्तरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तसं ते आधीच भरपूर होतं, आणि नेमकी तिथेच गाडी अडली.

"तुमची किडनी उत्तम आहे," सर्जनबाई म्हणाल्या, "पण ह्या वजनावर मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही. तुमच्याच जिवाला धोका. आधी वजन उतरवा." आणि त्यांनी मास्तरांना आहारतज्ज्ञ बाईंकडे धाडलं.

त्या बाईंनी समोर बसवून नीट समजावलं. दोन वाटा आहेत. एक लो-कार्ब. भात, पाव, बटाटा, साखर जवळपास बंद, आणि भाज्या, अंडी, दाणे, थोडं चीज यांवर पोट भरायचं. मांस-अंड्यांचा अतिरेक मात्र नको, कारण किडनी द्यायची आहे. दुसरी वाट लो-कॅलरी. बंदी कशालाच नाही, पण सगळं मोजून आणि एरवीपेक्षा बरंच कमी.

"ह्यातली चांगली कुठली?" मास्तरांनी विचारलं.

"जी तुम्ही मध्येच सोडणार नाही ती," बाई म्हणाल्या. "लांबचा विचार केला तर दोन्हींनी जवळपास सारखंच उतरतं. लो-कार्बनं सुरुवातीला भराभर उतरतं, पण त्यात बरंचसं पाणी असतं. तुम्ही एक निवडा आणि धरून ठेवा."

आता ह्यात न कळण्यासारखं काय आहे? पण मास्तरांनी त्यातला 'निवडा' एवढाच शब्द उचलला, आणि पुढे कितीतरी महिने निवडतच बसले.

निवडायला मदतनीसही कमी नव्हते. मेहुणे विजेच्या मोटारी दुरुस्त करायचे आणि बोलायचे कमी. पण ह्या बाबतीत त्यांना कंठ फुटला. मोबाइलवर बघून बघून ते लो-कार्बचे कट्टर झाले. "दादा, भात म्हणजे साखर. पाव म्हणजे साखर. बटाटा म्हणजे..."

"साखर," मास्तर म्हणायचे. "आलं लक्षात."

मास्तरांची बायको दुसऱ्या पक्षाची. "काही बंदबिंद करायचं नाही. ह्यांना बंद म्हटलं की तेच हवं असतं. मी वाटीनं मोजून वाढीन. अर्धी वाटी म्हणजे अर्धी वाटी."

"वहिनी, अर्ध्या वाटीनं ह्यांचे दात तरी ओले होतील का?"

"मग तुमच्या त्या अंड्यांनी काय होणार आहे? घरभर वास तेवढा!"

मास्तर दोघांच्या मध्ये बसून गंभीर चेहऱ्यानं मान डोलवायचे. बारकी पलंगावरून बघायची आणि म्हणायची, "माझ्यापायी तुमची भांडणं लागली बघा." पण म्हणताना ती मनातून खूश असायची. आपल्यासाठी एवढी माणसं तावातावानं भांडतायत, हे काय थोडं आहे?

पहिल्यांदा मेहुण्यांचं ऐकायचं ठरलं. भात गेला, पाव गेला, चहातली साखर गेली. एकदा मास्तर बारकीकडे जेवायला होते. तिनं त्यांच्यासाठी वेगळ्या भाज्या केल्या होत्या, अंडी उकडली होती, आणि स्वतःच्या ताटात भात घेतलाच नव्हता. मेहुणे तिच्यावर रागावले. तुला कुणी बंद केलाय, तुला तर ताकद हवी! ती म्हणाली, "दादानं एकट्यानं बिनभाताचं जेवायचं आणि मी त्याच्यासमोर ओरपायचं? कसंतरीच वाटतं." मास्तरांचा ऊर भरून आला. तेव्हा तो खराच भरून आला होता, हेही सांगायला हवं.

आणि काय सांगू, वजन उतरलं की! थोड्याच दिवसांत काटा असा खाली आला की सर्जनबाईंनी भुवया उंचावल्या. "वा! असंच चाललं तर लवकरच तारीख ठरवू."

तारीख म्हटल्याबरोबर मास्तर खुर्चीतून उठलेच. इतके दिवस ऑपरेशन म्हणजे छाती फुगवून सांगायची गोष्ट होती. आता त्या गोष्टीला तारीख येणार होती. त्या तारखेला त्यांना आडवं करणार, झोपवणार, पोटावर कुठेतरी रेघ मारणार आणि कापणार. जन्मभर लोकांचं कापड बेधडक कापलेला माणूस, पण कात्री कापडात शिरतानाचा तो करकर आवाज आठवला आणि त्यांना दरदरून घाम फुटला. दवाखान्यातून निघाले ते कोपऱ्यावरच्या बेकरीपाशी थांबले. गरम पाव घेतला, त्यावर लोणी, त्यावर साखर, आणि उभ्या उभ्याच खाल्ला. मग दुसरा घेतला. दुसरा संपेपर्यंत घाम थांबला होता.

लगेच त्यांनी जाहीर केलं, "लो-कार्ब मला झेपत नाही. डोकं दुखतं." मेहुण्यांचा चेहरा पडला. बायकोनं विजयी मुद्रेनं वाटी काढली.

मग लो-कॅलरीचा अंमल सुरू झाला. घरी अर्धी वाटी, आणि दुकानात गेलं की मास्तर परत लो-कार्बवाले. चीज, दाणे, उकडलेली अंडी, हवी तेवढी. ह्यात कुठे भात-पाव आहे? आणि घरी भात-पाव होता, तो मोजून होता, पण होताच ना? थोडक्यात काय, दोन्ही पथ्यांतली सवलत तेवढी त्यांनी उचलली आणि दोन्हींतली बंदी सोडून दिली. वजन होतं तिथे परत आलं, वर थोडं सोबतीला घेऊन आलं. मग अशक्तपणा येतो म्हणून परत लो-कार्ब. मग पोट साफ होत नाही म्हणून परत वाटी. दर खेपेला तेच. "ह्या वेळी नक्की निवडलंय!" लोक म्हणायचे, बिचारे किती प्रयत्न करतात.

मध्ये मध्ये बेकरी चालूच. बेकरीवालीला त्यांनी सांगितलं होतं, दारात एक कुत्रं येतं, त्याच्यासाठी नेतो. ती पाव बांधून द्यायची. पण एक दिवस पाव बांधता बांधता म्हणाली, "कुत्र्याला लोणीसाखर लावूनच द्यायचंय ना, मास्तर? जाड झालं असेल हो बिचारं." मास्तरांचे कान तापले. पैसे ठेवून ते असे सटकले की पाव तिथेच राहिला. त्यानंतर ते लांबच्या बेकरीत जायला लागले.

मनातलं खरं काय ते त्यांना ठाऊक होतं. वजन उतरलं की तारीख येणार, नाही उतरलं तर नाही येणार. ते खाताना त्यांना सुटल्यासारखं वाटायचं, खाऊन झालं की स्वतःची शरम वाटायची, आणि शरम वाटली की परत भूक लागायची. असा तो सगळा घाणेरडा प्रकार होता.

पण हे किती दिवस खपणार? बारकीच्या तोंडावर राखेची कळा यायला लागली होती. ती कधी विचारायची नाही. मास्तर घरात शिरले की तिची नजर आधी त्यांच्या पोटावर जायची, मग तोंडावर, मग ती दुसरंच काहीतरी बोलायची. मास्तरांना ती नजर सोसेना. आणि ज्या माणसाला पथ्य जमत नाही पण शिवण जमते, तो काय करणार? शिवणार! त्यांनी गडद कापडाची नवी पँट शिवली. घेर चांगला दोन बोटं जादा, आणि वरून पट्टा आवळायचा, म्हणजे कमरेशी चुण्या पडतात. आरशात बघितलं. पोट होतं तेवढंच, पण पँट लोंबत होती. माणूस उतरल्यासारखा दिसत होता. लोकांची पोटं झाकायची विद्या इतक्या वर्षांनी स्वतःच्या कामी आली.

"अगं बाई! दादा, पँट बघ कशी सैल झालीय तुझी!" बारकी पलंगावर उठून बसली. "फीर बघू. फीर, मागून बघू दे."

मास्तर फिरले. जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटत होतं, आणि तोंड हसत होतं. "चाललंय हळूहळू," ते म्हणाले. मेहुण्यांनी नुसते हात जोडले. बारकी त्या दिवशी पहिल्यांदा पुढचं बोलली.

"नवी किडनी बसली ना, की मी काय करणार माहितीये? थंडगार पाणी घेणार, मोठं भांडं भरून. आणि उभ्यानं प्यायचं, गटागटा. मोजायचं नाही."

"बस, एवढंच?"

"एवढंच रे. तुला नाही कळायचं."

मास्तर घरी गेले आणि त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवले.

बातमी बाजारभर झाली. किल्लीवाले म्हणाले, मास्तर, उतरलात हं. चपलावाल्यानं कुठलं पथ्य म्हणून विचारलं. मास्तरांनी त्याला दोन्ही पथ्यं समजावून सांगितली, आणि सांगितली ती अगदी बरोबर सांगितली.

आणि एका दुपारी बारकी स्वतःच दुकानात आली. मशीनवरचा दिवस नव्हता, अंगात जरा त्राण होतं. हातात सुईदोऱ्याची डबी. "दादा, तुझ्या जुन्या पँटी काढ सगळ्या."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? ढगळ होत असतील ना आता. कमरेला आत घेऊन देते. तू माझ्यासाठी एवढं करतोयस, मला बसल्या बसल्या तेवढं तरी करू दे."

मास्तरांनी नाना सबबी सांगितल्या. घरी आहेत. धुवायला टाकल्यात. आत्ता गिऱ्हाईक येईल. पण एक जुनी पँट पडद्यामागे खुंटीला होती, आणि बारकी ह्या गाळ्यात वाढलेली. तिनं ती बरोबर काढून आणली. "ही घाल. मी खडूनं खूण करते."

काय करणार? गेले पडद्यामागे. नवी काढून खुंटीला लावली, जुनी चढवली. ती मांड्यांवरून कशीबशी वर आली आणि कमरेशी येऊन अडली. मास्तरांनी श्वास आत घेतला, पोट आत घेतलं, देवाचं नाव घेतलं. बटण आणि काज काही जवळ येईनात.

"झालं का?"

"थांब गं जरा."

"अरे, माझ्यापुढे लाजतोस काय? खूणच तर करायचीय." आणि तिनं पडदा बाजूला केला.

आरशात दोघंही दिसत होती. हातात खडू घेतलेली एक हाडकुळी बाई, आणि उघड्या पँटीची दोन्ही टोकं मुठीत धरून उभा असलेला एक जाडा माणूस. बारकीनं आधी बटणाकडे बघितलं. मग पँटीची मागची शिवण उलटून बघितली. माया सगळी सोडलेली होती, पार काठापर्यंत. मग तिनं खुंटीवरच्या नव्या पँटीची शिवण बोटांनी चाचपली. तिच्यात हवी तेवढी माया होती. नवं कापड, नवी शिवण, कुठे आत घेतल्याची खूण नाही. शिंप्याच्या घरच्या बाईला ह्याहून जास्त सांगावं लागत नाही.

टेप मास्तरांच्या गळ्यात होती. तिनं ती काढून घेतली, त्यांच्या पोटाभोवती धरली आणि आकडा बघितला. मोठ्यानं वाचला नाही. टेप गुंडाळून टेबलावर ठेवली आणि स्टुलावर बसली, कारण फार वेळ उभं राहायची ताकद तिच्यात नव्हतीच.

ती चार शिव्या देती तर मास्तरांना बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "घाबरलास का रे?"

मास्तरांची मान तेवढी हलली. हो म्हणून हलली.

"मग सांगायचंस ना. एवढी नाटकं कशाला करायची?" तिचा आवाज थकलेला होता. "बरं, ऐक. मी सगळ्यांना सांगते, मलाच नको. भावाचा जीव धोक्यात घालून मला जगायचं नाही, असं सांगते. तुझं नाव कुठे येणार नाही. दुसऱ्या कुणाची मिळेल कधीतरी, दवाखान्यात नाव घालून ठेवते."

आणि इथे मास्तरांच्या हातून जे झालं ते त्या पँटीपेक्षाही वाईट. त्यांना हायसं वाटलं. 'असं बोलू नकोस' म्हणायच्या आधी, 'मी देणार' म्हणायच्या आधी त्यांचे खांदे खाली आले आणि मोठा श्वास सुटला. बारकीनं ते आरशात बघितलं. मग तिनं डबी उचलली आणि म्हणाली, "पँट बदल. गिऱ्हाईक येईल." आणि निघून गेली.

बारकी बोलल्याप्रमाणे वागली. घरात रडारड झाली, मेहुणे समजावून समजावून थकले, ही आपली हट्टाला पेटलेली. मास्तरांची बायको म्हणाली, "काय ह्या वेड्या! तुम्ही एवढे तयार असताना?" आणि तिनं मास्तरांच्या ताटात न मोजता भात वाढला. "आता कशाला पथ्य? खा पोटभर. काय हाल करून घेतलेत जिवाचे." मास्तर खाली बघून जेवले.

बाजारात तर त्यांचा मान वाढला. किल्लीवाले येईल त्याला सांगायचे, ह्यानं तर दिलीच होती किडनी, बहिणीनंच नको म्हटलं. एक गिऱ्हाईक बाई तर आपल्या सख्ख्या भावाला मुद्दाम घेऊन आली, म्हणाली, बघ, असा असतो भाऊ. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी त्या भावाचं माप घ्यायला सुरुवात केली.

मग एका सकाळी मेहुणे आले. दुकान नुकतंच उघडलं होतं. ते स्टुलावर बसले आणि आपल्या ग्रीसनं काळ्या झालेल्या बोटांकडे बघत राहिले.

"दादा, माझं चुकलं."

"तुमचं? काय चुकलं?"

"मीच तुम्हाला त्या लो-कार्बच्या नादी लावलं. तुमचं डोकं दुखायला लागलं, सगळ्यात खंड पडला, वेळ गेला. पहिल्यापासून वहिनींचं ऐकलं असतं तर एव्हाना ऑपरेशन झालंसुद्धा असतं, हिच्या डोक्यात हे खूळ शिरायच्या आत. मला ते सारखं खातंय." त्यांनी बोटांवरची नजर उचलली. "तुम्ही सांगा तिला. तुमचं ऐकेल ती. तुम्ही एवढे कष्ट घेतलेत..."

"थांबा," मास्तर म्हणाले.

अजूनही गप्प बसता आलं असतं. 'सांगून बघतो' म्हटलं असतं तर मेहुणे उलट आभार मानून गेले असते. पण बारकीची बाजू सोडा, हा साधा माणूस भलत्याच गोष्टीसाठी माफी मागत होता, आणि ते काही मास्तरांना ऐकवेना.

"तिनं नाही नको म्हटलं. मी म्हटलं. डोकंबिकं काही दुखत नव्हतं माझं. मी पाव खात होतो. वजन उतरू नये म्हणून खात होतो. मी घाबरलो, मेहुणे. ती मला पाठीशी घालतेय."

मेहुणे आधी हसल्यासारखे झाले. "आणि ती पँट?"

"मुद्दाम सैल शिवली."

मेहुणे उठले. मास्तरांना वाटलं, आता कानाखाली बसते. बसली असती तर चाललं असतं.

"ती पँट बघून ती त्या दिवशी भांडंभर पाणी प्यायली," मेहुणे म्हणाले. "आनंदात. म्हणाली, आता थोडेच दिवस राहिलेत, चालतंय. मग धाप लागली. मी उचलून दवाखान्यात पळालो. तुम्हाला कळू दिलं नाही तिनं. दादाला काळजी लागेल, त्याचं पथ्य मोडेल, म्हणाली." एवढं बोलून ते गेले.

मास्तरांनी कापायला घेतलेलं कापड तसंच टेबलावर सोडलं, दुकान बंद केलं आणि दवाखाना गाठला. आहारतज्ज्ञ बाईंना सगळं सांगितलं, लोणीसाखरेसकट, कुत्र्यासकट. बाईंनी काट्यावर उभं केलं. आकडा बघून त्या रागावल्या नाहीत, त्यामुळे आणखीच लाज वाटली.

"द्यायची नसेल तर नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे," बाई म्हणाल्या. "कुणाला कारण सांगायची गरज नाही."

"द्यायचीय." आवाज नीट फुटला नाही, म्हणून मास्तर परत म्हणाले, "द्यायचीय मला."

"मग पथ्य कुठलं?"

"ते तुम्ही सांगा. मी निवडायला लागलो की लबाडी करतो."

बाईंनी विचारलं, घरी वाढतं कोण, दुकानात काय काय ठेवता, कुठे मोह होतो. आणि मग सांगितलं, बायकोची वाटी. घरी तीच, दुकानातही तिचाच डबा, मधलं सगळं बंद. शिवाय भीतीबद्दल बोलायला दवाखान्यात एक वेगळ्या बाई बसतात, त्यांना भेटायचं. मास्तर हो म्हणाले.

वरच्या मजल्यावर बारकी मशीनवर होती. बाहेर बाकावर मेहुणे बसलेले. त्यांनी मास्तरांकडे बघितलं नाही. पाय मात्र आखडून घेतले, तेवढी आत जायला वाट झाली.

"कशाला सांगितलंस?" बारकी म्हणाली. दंडात दोन नळ्या खुपसलेल्या, त्यामुळे तिला हलता येत नव्हतं, पण डोळे तापले होते. "मी निस्तरलं होतं ना सगळं?"

"बारके, मी देणार. आत्ता खालीच जाऊन आलो. ह्या वेळी तुझ्या वहिनीची वाटी."

"तू निवडलीस?"

"नाही. बाईंनी."

"मग ठीक आहे," ती म्हणाली, आणि तिला हसू आलं. मशिनच्या आवाजात ते नीट ऐकूही आलं नाही. मग तिनं विचारलं, "भीती गेली का?"

"नाही गं." मास्तर खुर्चीवर बसले. आता झाकायचं काही उरलंच नव्हतं. "ते झोपवतात ना, तिथेच माझं सगळं अडतं. आपल्याला काही कळणार नाही, आणि ते आपलं पोट कापणार. आणि मग उठलोच नाही तर? रोज तेच डोळ्यांपुढे येतं."

"हं," बारकी म्हणाली. "मलापण तेच येतं."

"तुला काय येतं?"

"तेच. उठलेच नाही तर." तिनं वरच्या नळीतून जाणाऱ्या रक्ताकडे बघितलं. "कापायचं तर मलाही आहे ना रे, दादा."

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. इतके महिने त्यांनी आपल्या पोटाचा विचार केला होता. भाताचा केला होता, पावाचा केला होता, अंड्यांचा, वाटीचा, कात्रीच्या आवाजाचा. त्या ऑपरेशनमध्ये दोन पोटं कापायची आहेत, हे त्यांच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. तुला भीती वाटते का, असं त्यांनी तिला कधी विचारलंच नव्हतं. त्यांची मान खाली गेली ती वर येईना.

"बस इथेच," बारकी म्हणाली. "माझं होईपर्यंत जाऊ नकोस."

मास्तर बसून राहिले.